अकरा मुलींची एकच जन्मतारीख

लाखनीजवळच्या त्या बालगृहात अकरा मुलींची जन्मतारीख एकच होती. संस्थेच्या अध्यक्षांचीही तीच. यात योगायोग काही नव्हता. बसस्थानकावर, दवाखान्याच्या पायरीवर सापडलेल्या मुलीचं वय डॉक्टर अंदाजाने वर्षांत लिहीत; दिवस आणि महिना भरण्याचं काम संस्थेच्या लिपिकाकडे असे. साहेबांचाच दिवस टाकला तर केक एकच लागेल, हे त्याला सुचलं. साहेबांना तो लिपिक फार आवडे.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमच्या भंडारा कार्यालयातले निम्मे वार्ताहर तिकडे गेले आणि असले वाढदिवस माझ्या वाट्याला आले. सहा वर्षं मी ती बातमी लिहिली. फोटो दरवर्षी तोच: मधोमध फेटा, पुढे उंचीनुसार मुली. मजकूर आदल्या दिवशी लिहून ठेवता येई, आणि मी ठेवत असे. इतक्या मुली एकाच दिवशी कशा जन्मल्या, हे विचारावंसं मला वाटलं नाही.

सातव्या वर्षी ते कळलं. फोटोची रांग लागत होती आणि एक मोठी मुलगी बाजूला उभी होती. कारण विचारल्यावर तिने सगळं सांगितलं. कागदावर आज तिला अठरा पूर्ण होत होती. अठरा झाली की बालगृह सोडायचं. बारावीची परीक्षा बारा दिवसांवर होती, केंद्र लाखनीतच. राहण्याची सोय म्हणून तिला नागपूरच्या एका वसतिगृहाच्या नावाने चिठ्ठी दिली होती. ती खरोखर अठराची होती की नव्हती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी अधीक्षिकेला विचारलं. तिने नियम सांगितला. तिच्याच टेबलावरून मी जिल्हा कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, शिक्षण चालू असेल तर मुदत वाढते, संस्थेने फक्त अर्ज करायचा. अधीक्षिका म्हणाली, अर्जावर साहेबांची सही लागते आणि आजच्या दिवशी त्यांना असल्या कामाचा त्रास देणं बरं दिसत नाही. मंडपाची तयारी आठवडाभर चालली होती. अर्जाला त्या आठवड्यात जागा नव्हती.

भाषणं झाली. या मुलींना आईबाप नाहीत पण साहेब आहेत, असं एक संचालक म्हणाले. मग त्या मुलीचा निरोप: शाल, श्रीफळ आणि कुकर. जिला त्या रात्री लाखनीत निजायला जागा नव्हती, तिला पाच लिटरचा कुकर. दोन शब्द बोल, असं तिला सांगितलं. आभार मानणं अपेक्षित होतं.

कुकर कडेवर घेऊन तिने विचारलं, "साहेब, तुमचा वाढदिवस औंदा एक महिना पुढं ढकलता येते का जी?"

मंडप हसला. साहेबही हसले. "काहून, बेटा?"

"तुमच्यासंग मीबी अठराची झाली. पेपर होयेपर्यंत मले सतराचीच राहू द्या."

साहेबांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माईक ओढून जाहीर केलं की मुलगी परीक्षा होईपर्यंत इथेच राहील, ही आपली वाढदिवसाची भेट. टाळ्या झाल्या. आठवडाभर न लिहिलेला अर्ज पाच मिनिटांत आला आणि केकच्या टेबलावरच सही झाली.

बाहेर मी तिला म्हणालो, ही भेट नाही, तुझा हक्क आहे, तसंच लिहितो. तिने नकारार्थी मान हलवली.

"आता लिवलं तं साहेब चिडतीन, भाऊ. मले काढतीन. पेपर होऊ द्या, मंग लिवा."

दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर तीन स्तंभांत आलं: वाढदिवशी अनाथ विद्यार्थिनीला अनोखी भेट. लिहिलं मीच. ती सगळे पेपर देऊन नागपूरला गेली. त्यानंतर मी खरी हकिकत लिहून पाठवली. मुख्य कार्यालयाने मजकूर परत केला. सोबत आमचंच कात्रण होतं आणि समासात एक ओळ: याविषयी आपण सविस्तर छापलेलं आहे.