निमोण्याच्या शाळेवरचा भोंगा

निमोण्याच्या भामाबाईनं उभ्या जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते. वस्तीचा रस्ता भांडून आणला, एसटीचा थांबा भांडून मिळवला. हक्काचं मिळालं तर आभार कसले, हा तिचा रोकडा सवाल.

उसात बिबट्या दिसायला लागला तशी ती पुन्हा पेटली. पोरं शाळेतून उसाच्या कडेनंच घरी येतात, वस्त्या लांब लांब, आणि फोनला रेंज मिळाली तर नशीब. शिरूरच्या भंगारवाल्याकडं एका बंद कारखान्याचा जुना भोंगा पडला होता, बिडाचा, रांजणाएवढा. तिनं तो टेम्पोत घालून आणला. आतली जळकी मोटार सर्जेराव मिस्त्रीनं नवी तार गुंडाळून भरून दिली, आणि हौसराव वायरमननं तो शाळेच्या छतावर बसवला. बिबट्या दिसला की खालचं बटण दाबायचं, म्हणजे सगळं गाव धावून येईल. सावळाराम तेवढा कुरकुरला, "आक्का, ह्या डबड्याचा आवाज माझ्या वस्तीवर येतुय व्हय? उगं सोंग!"

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी भोंगा सुटला. आधी घुरघुर, मग चढत चढत असा सूर की गावची कुत्री शेपूट घालून पळाली. माणसं काठ्या, कोयते घेऊन, ताटं बडवत शाळेकडं धावली. बिबट्या नव्हता. भोंग्याच्या बटणापाशीही कुणी नव्हतं.

हौसरावानं मान खाली घातली. "आक्का, सवयीनं ऑटो लावला की वो."

लाईट आली की विहिरीवरची मोटार आपली आपण चालू व्हावी म्हणून सगळेच ऑटो लावतात. ह्या पठ्ठ्यानं भोंग्यालाही लावला होता. दुपारी लाईट आली, आणि बटण दाबायची गरजच उरली नव्हती!

"काढा ते भंगार! उद्या खरा बिबट्या आला तरी कोण उठायचं न्हाई," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

भामाबाईच्या ओठावर शिवी आली, तोच सावळाराम कुऱ्हाड घेऊन धापा टाकत पोचला. त्याची वस्ती सगळ्यात लांब, ओढ्यापल्याड.

"पोरं कुठं हायती?"

"वर्गात. तुला ऐकू आला?"

"आला म्हंजी! पाणी तसंच सोडून पळालोय." झाला प्रकार ऐकल्यावर तो गर्दीवरच डाफरला, "मग ऑटो काढा की! भोंगा कशाला काढताय?"

हौसराव ऑटो काढायला शिडी चढू लागला.

भामाबाईनं घामेजल्या माणसांकडं पाहिलं. भांडून कुणाला असं पळत आणता येत नाही. तिनं पदर सावरला, हात जोडले. "आलात सगळी... लई उपकार झालं." शब्द सवयीचे नव्हते.

मग ती शिडीकडं वळून ओरडली, "आरं हौश्या, मेन तरी बंद कर आधी! तुला काय झालं तर ह्या भोंग्याला कोण बघंल?"