सांगलीची बासुंदी आणि मामांचं ‘नको’

पहिला पगार हातात पडला तेव्हाच ठरवलं, मामांना सांगलीला न्यायचं, गणपती दाखवायचा आणि तिथल्या मोठ्या हॉटेलात बासुंदीचं जेवण घालायचं. माणच्या कोरड्या मुलखात मेंढरं राखून त्यांनी मला सात वर्षं शिकवलं, म्हणून मी साताऱ्याच्या कचेरीत कारकून झालो. हे उपकार एका भारी जेवणानं फिटतील असं मला खरंच वाटत होतं. अक्कल तेवढीच होती.

जर्मनची लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी पेट्रोलच्या टंचाईनं आमची मोटार कोळशाच्या गॅसवरच चालत होती. साताऱ्याहून जाणाऱ्यांनी सकाळची पहिली मोटार धरावी. पुढची कधी सुटेल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. मागची जागा मिळाली तर धुरापायी तोंडाला पंचा बांधावा. वाटेत एका चढावर सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. मामा पटका काखेत मारून सर्वांत पुढं. “मेंढरू बरं गड्या,” ते धापा टाकत म्हणाले, “हाकललं की चालतंय तरी!”

कऱ्हाडला मोटार तासभर थांबते. स्टँडमागं चिंचेखाली एक आक्का चूल मांडून बसते. झुणका, भाकरी, ठेचा, कांदा; दोन आण्यांत पोटभर. मामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ताटावर हात धरला.

“नको आता. बास.”

“आवं, नको काय? घ्या की वाईच.”

“न्हाई न्हाई, पोट भरलं.”

“मग आर्धी घ्या. माजा मान ठेवा.” आणि आख्खी भाकरी ताटात पडली. मामांनी ती मजेत संपवली.

आमच्याकडची रीतच ही. पहिलं नको जिभेचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा पाहुणा हावरट, आणि पहिल्या नकोला भांडं उचलणारा यजमान कद्रू. मी त्यातच वाढलो, पण कचेरीची हवा लागल्यापासून मला हा सगळा तमाशा वाटू लागला होता. मोटारीत बसताच मी शहाणपण शिकवलं, “मामा, सांगलीच्या हॉटेलात असलं चालत न्हाई. हळू बोलायचं. आपण होऊन काय मागायचं न्हाई.”

“बरं. तू म्हनशील तसं,” मामा म्हणाले.

इस्लामपूर, आष्टा मागं टाकून दुपारी सांगली गाठली. गणपतीचं दर्शन घेतलं, घाटावर बसलो. कृष्णेकडं बघत मामा म्हणाले, “एवढं पानी, आन् राखायला कुनीच न्हाई?” मी पोट धरून हसलो.

हॉटेल माडीवर होतं. संगमरवरी मेजं, डोक्यावर पंखा, काचेचे पेले. ताटात दोन पुऱ्या, दोन भाज्या, मूदभर भात आणि छोट्या वाटीत केशरी बासुंदी. मामांनी ती दोन घोटांत संपवली. वाढपी भांडं घेऊन आला. “आणखी बासुंदी?”

“नको,” मामा म्हणाले, आणि वाटीवर हात धरला.

वाढपी अदबीनं मान लववून पुढच्या मेजाकडं गेला. पुऱ्यांचं तेच झालं, भाताचंही तेच. दर वेळी मामा जाणाऱ्या भांड्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. मला ते दिसलं, खोटं कशाला लिहू? पण अशा ठिकाणी ‘मामा, घ्या की’ म्हणून आवाज चढवणं मला गावंढळपणाचं वाटलं. मी चमच्यानं भात खात राहिलो. दोघांचे तीन रुपये झाले. धर्मशाळेत आल्यावर मामा दोन तांबे पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी परतताना कऱ्हाडला त्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. आक्का हसली. “काय पाव्हनं, सांगलीत जेवला न्हाई व्हय?”

“जेवलो की! लय झ्याक हुतं समदं. बासुंदी तर इच्यारू नगा.” मग भाकरी मोडत, कसलाही राग न ठेवता म्हणाले, “पर तितं एकदाच इच्यारत्यात.”



साताऱ्यात मित्र विचारतात, हॉटेलचं जेवण चांगलं की चिंचेखालचं? बासुंदी उत्तम होती, झुणका जरा करपलेला होता. वाढप्याची काही चूक नव्हती. त्यानं एकदा विचारलं, मी तर एकदाही नाही. ज्या माणसानं सात वर्षं मला पोटभर घातलं, त्याला मी माझ्यासमोर बसवून उपाशी ठेवलं. याची लाज अजून जात नाही.

दिवाळीत मामा माझ्या खोलीवर आले. रेशनची साखर साठवून मी बासुंदी आटवली आणि स्वतः वाढायला बसलो. तीनदा काय, दहादा आग्रह करायचा, असं ठरवलं होतं.

“मामा, आणखी...”

शब्द पुरा व्हायच्या आत त्यांनी वाटी पुढं केली. “वाढ, वाढ,” म्हणाले.

मामी सांगते, घरी आणि पाहुण्यांकडं ते अजून आधी दोनदा नको म्हणतात. पहिल्याच विचारण्याला हो म्हणतात ते फक्त माझ्याकडं.