बकारामचा शेंदूर

कुडव्याच्या रस्त्यावर, बगीच्याच्या गेटासमोर मायी चायची टपरी आहे. बकाराम मडावी त्या बगीच्याचा चौकीदार. अंदर गोट्यांचा एक ढीग होता. इंग्रजांशी लढाई झाली, त्यात बकारामचे पूर्वज तेथंच मेले, असं त्याच्या घरचे सांगत. त्याहीच्या नावानं येताजाता एक गोटा टाकाचा, ही बकारामच्या लोकांची रीत. बगीचा त्या लढाईच्याच नावानं झाला, पण नगरपालिकेच्या साहेबाले हा ढीग मलबा वाटला. त्याले तेथं फवारा पाहिजे होता. धन्य त्याची अक्कल!

दोन हजार सहाची गोष्ट. सकाळीच हिरालाल जेसीबी घेऊन आला. बकारामनं हात जोडले.

"काका, मले ऑर्डर आहे," हिरालाल म्हणे. "चाय पेतो अन् लागतो कामाले."

बकाराम मायाकडं आला. तोंड पांढरंफटक.

"बाई, जरासं तेल दे."

"काऊन?"

"इचारू नको."

भज्याचं तेल दिलं वाटीत. त्यानं बाजूच्या दुकानातून शेंदराची पुडी घेतली अन् अंदर पळाला. तेव्हा मले समजलं. शेंदूर लागला का गोट्याचा देव होते, मग मशीन कोण लावते? मी स्टो बारीक केला.

"मावशी, चाय का तिरोड्याहून येऊन राहिली?" हिरालाल ओरडला.

"उकळू दे ना बापा. कच्ची पेतं का?"

 गेटाच्या जाळीतून बकाराम दिसे, दोन्ही हातानं शेंदूर फासून राहिला होता. हिरालाल चाय अर्धीच टाकून उठला. मशीन अंदर गेलं, अन् ढिगापुढं बंद पडल्यावाणी थांबलं. हिरालालनं खाली उतरून चप्पल काढली.

साहेबानंही फवाऱ्याचं नाव सोडलं. मी म्हटलं, जिंकला बकाराम.

कायचा जिंकला! मंगळवारी नारळ आले. मग घंटी लागली, मारुती म्हणू लागले, लढाईचं कोणी नाव घेईना. एकानं रीतीनं गोटा टाकला, तं देवाले मारतं का म्हणून लोक त्याच्या अंगावर धावले. साहेबानं बकारामलेच बजावलं, पुन्हा कोणी गोटा टाकला तं तुयी नोकरी गेली.

गेल्या उन्हाळ्यात त्याची बहीण रुक्मा सालेकशाहून आली, पदरात गावचा गोटा बांधून. नारळवाल्यांची रांग लागली होती. तिनं हात उचलला, अन् बकारामनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"टाकू नको."

"काऊन? आपले नोहोत का हे?"

त्यानं रांगेकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. मले तेथंच रडू आलं.

"नाही," तो म्हणाला. "हा मारुती आहे."