विमानतळासाठी एकच गाडी

११ ऑगस्ट, सकाळी सव्वासहा. धंतोलीच्या दवाखान्यातून फोन आला. भाऊराव गेले होते. मी त्यांचा शेजारी; पण दवाखान्यात त्यांनी नंबर माझाच दिला होता. त्यांचे दोन्ही मुलगे दूरच्या बेटांवर राहत. थोरला विलास मॉरिशसला, धाकटा प्रकाश फिजीला.

भाऊरावांचे इतवारीत कापडाचे दुकान होते. "ताणून मापलं का अंगाले कमी पडते," असे म्हणत ते कापड सैल सोडून मोजत. दुकान बंद केल्यावर मोजायला एकच गोष्ट उरली. मुलांच्या शाळेच्या वेळचा पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन ते मॉरिशसपासून फिजीपर्यंत शिवणाचा दोरा धरीत. नागपूरपासूनचे अंतर त्यांनी मला कधी विचारले नाही.

"सुमारे बारा हजार किलोमीटर," मी एकदा सांगितले. "थेट विमान असते तर चौदा-पंधरा तास. ते नाही. विमाने बदलत गेले तर दीड-दोन दिवस."

"बारा हजार किलोमीटर म्हंजे कापडाचे किती थान गा, मास्तर?" ते हसले. मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "एका ताटात जेवत होते दोघं."

आमच्याकडे बापाला अग्नी थोरल्याने द्यायचा, आईला धाकट्याने. मुलांची आई, म्हणजे वहिनी, गेल्या तेव्हा प्रकाश वाटेत होता. विलासने त्याच्यासाठी न थांबता अग्नी दिला. प्रकाश पोचला तेव्हा अस्थी वेचून झाल्या होत्या. त्यानंतर भावाभावांत शब्द नाही.

आजार बळावल्यावर भाऊरावांनी तोड काढली. "माही आग धाकट्याले देऊ द्या. फिटंफाट होते." दोघांनाही त्यांनी फोनवर तसे सांगितले. कोणी नाही म्हटले नाही. भाऊरावांनी तो होकार धरला.

मग त्यांनी माझ्याकडून दोन्हीकडच्या विमानांच्या वेळा काढून घेतल्या. दोघांनी मुंबईत गाठ घ्यावी, पुढे नागपूरचे विमान एकच असावे.

"आन् गाडी एकच सांगजो. दोन पाठवल्या तं दोघं दोन गाड्यांत बसतीन."

"ते येतीलच असे धरू नका," मी म्हणालो.

"तुहं तोंड तं कडूच हाय, मास्तर." मग ते म्हणाले, "मी ताणून मापून राहिलो, मले समजते. पण कापड एवढंच हाय."

त्या सकाळी मी प्रथम विलासला कळवले. "प्रकाशने अग्नी द्यावा ही बाबांची इच्छा होती," तो म्हणाला. "त्यालाच येऊ द्या. मी मध्ये येत नाही."

प्रकाश म्हणाला, "मान थोरल्याचा असतो, काका. दादालाच बोलवा."

मी एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगितले. दोघांनी नम्रपणे ऐकून घेतले. उत्तर बदलले नाही.

दुपारी कुही गावाहून भाऊरावांचा पुतण्या आला. घाटावर त्याने अग्नी दिला. परत येऊन मी आंघोळ केली, आणि विमानतळासाठी सांगून ठेवलेली गाडी फोन करून रद्द केली.