दोन पोटांची होडी

आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यातले काशिरामदादा बर्फवाल्याच्या बर्फावरसुद्धा संशय घेतात. जाळी घेऊन खाडीत पुरुषांनी जायचं आणि मासळी बायकांनी विकायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्यांची बायको, म्हणजे आमच्या गुणावहिनी, कधी सोबत येते म्हणाल्या, की दादांचं उत्तर ठरलेलं, "होडीत जागा नाय."

गेल्या वर्षी काठाजवळच जाळं ओढताना होडी कलंडली. दादा पाण्यात पडले आणि गुडघ्याची वाट लागली. तोल सांभाळता येईना, मग खाडी सुटली. घरात बसून माणूस नुसता कुढत होता. बघवत नव्हतं.

शेवटी वहिनींनी उरणच्या यासीनला गाठलं. तो आखातात होड्यांच्या कारखान्यात राबून आलेला. त्याने फायबरच्या दोन बारीक होड्या अंतर ठेवून वरून फळ्यांनी जोडायला घेतल्या. अशी होडी सहसा कलंडत नाही आणि पाणी सहज कापते, म्हणून लहान इंजिन पुरतं.

होडीचं काम चाले तिथे दादा पाय पसरून रोज पहारा करायचे. बोटांनी ठोकून आवाज ऐकायचे.

"पोटं बारीक कशाला? फायबर वाचवतंस?"

"अल्लाची कसम, काका, जाड केली तर इंजिन दमेल."

"आन एका मानसाला येवढी रुंद कशाला?"

यासीनने वहिनींकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. दोघं आपल्याला बघून बोलणं थांबवतात, हे दादांनी हेरलं होतं. करंजाड्याच्या टॉवरमधली माणसं भाडं घेऊन होडीतून फिरवायचा यांचा बेत आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मी म्हटलं, "दादा, तुमच्यासाठीच चाललंय हे." तर मलाच विचारतात, "तुला काय भेटतं यात?" असा राग आला! मी उठलोच तिथून.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी वहिनींनी दोन्ही टोकांना हळद-कुंकू लावलं. दादा चढले आणि मुद्दाम कडेला सगळा भार देऊन उभे राहिले. होडी जेमतेम हलली.

"हलत नाय ती होडी कसली?" ते पुटपुटले. तेवढ्यात त्यांची नजर मागे गेली. इंजिनाजवळ बसायला दुसरी फळी ठोकलेली होती. "ही कोनासाठी?"

वहिनींनी लुगडं खोचलं आणि सगळ्या कोळीवाड्यासमोर त्या होडीत चढल्या.

"तुमी पडलाव तवा मी काठावं व्हती," त्या म्हणाल्या. "नुसती वरडत व्हती. हात पोचत नव्हता. परत मना काठावं उभं नाय राहायचं. मीच सांगून रुंद करून घेतली. आता जागा हाय."

दादा गुडघा सांभाळत मागे सरकले आणि ती दुसरी फळी दोन्ही हातांनी दाबून, हलवून, पुन्हा दाबून पाहिली.

"पक्की हाय," ते म्हणाले. "बस."