दगडाले सांगणारी

आणीबाणीच्या वर्षी वाशीमला मी एक पिल्लू पाळलं आणि त्याला ‘बस’ हा एवढा एक शब्द शिकवता शिकवता माझाच घसा बसला. मी ओरडलो की ते बाजेखाली शिरून तिथंच मुतायचं. “रविवारी याला परत देऊन ये,” असं आईनं बजावलं होतं.

शनिवारी दुपारी वाटणाच्या पाट्याला छिन्नीनं टाकी लावणारी एक बाई आमच्या अंगणात बसली होती. तिच्या भुवयांवर दगडाची भुकटी साचली होती. टाकीचा आवाज इतका संथ, की कडुनिंबाची सावलीही पेंगत असावी. माझं ओरडणं ऐकून तिचा हात थांबला.

“कायले वरडता भाऊ? दगडाले बी हळूच सांगा लागते. एकदम मारलं तं फुटते.”

मग तिनं पाट्यावर तीनदा टकटक केलं आणि भाकरीचा तुकडा पिल्लाच्या नाकावर धरला. तुकड्यासाठी त्याची मान वर गेली आणि बूड आपोआप खाली टेकलं. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे, मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ती निघून गेली होती आणि पिल्लू पाट्यासमोर बसून होतं. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी त्याला परत द्यायचं आईनं नावही काढलं नाही. ‘बस’ हा शब्द मात्र तो कुत्रा कधीच शिकला नाही. म्हातारपणी तो ठार बहिरा झाला. तरी फरशीवर बोटानं तीनदा वाजवलं की सावकाश बसायचा. दगडातून सांगितलेलं त्याच्या पायांना अजून कळत होतं.