पडद्यामागचे डावखुरे नायक

१९७२, दुष्काळ : जबाबदार, आभाळ. १९७४, रेल्वेचा संप : जबाबदार कोण, हे दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवून सांगत. १९७५, आणीबाणी : जबाबदार सर्वांस ठाऊक. आणि या सर्व वर्षांत, दर जत्रेला, पवनेकाठच्या आमच्या गावी सिनेमाच्या तंबूत बौद्ध कुटुंबांना पडद्याच्या मागे बसवणे : जबाबदार, तेव्हाचे गावपुढारी, तंबूचा मालक, आणि आता नव्याने, लोणावळ्यातील एका प्रदर्शनाचे आयोजक.

तंबूच्या मधोमध पांढरे कापड ताणलेले असे. पुढे गाव बसे, मागे आम्ही. तिकीट दोन्हीकडे सारखेच. समतेचे तत्त्व तेवढ्यापुरते कटाक्षाने पाळले जाई. दशक संतापलेल्या नायकांचे होते. पडद्यावरचा मजूर मालकाची कॉलर धरी, तेव्हा पहिली शिट्टी पुढाऱ्यांची असे. अन्यायाचा असा कडाडून निषेध करून ते घरी जात आणि सकाळी आम्हाला विहिरीपासून लांब उभे करीत. सिनेमात समाज बदलला होता. समाजाला तसे कोणी कळवले नव्हते.

मागून चित्र उलटे दिसते. त्यामुळे आमचे सगळे नायक डावखुरे. शाळेत एकदा मी नायकाच्या ठोशाची नक्कल केली, अर्थातच डाव्या हाताने. पुढे बसणाऱ्या एका मुलाने तत्काळ निकाल दिला, "ह्यो मागं बसतो." जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसील कचेरीत हेलपाटे घालतात. मला तो वर्गातच, विनाअर्ज मिळाला.

आता प्रदर्शनाविषयी. विषय, त्या दशकातील चित्रपट आणि बदलता समाज. माझी थोरली बहीण कान्ह्याला राहते. आयोजकांपैकी एक तरुण तिच्याकडे येऊन आठवणी ऐकून गेला, फोटो काढून गेला. उद्घाटनाला आम्ही दोघे गेलो, तर फोटोखाली तिच्याच नावावर वाक्य : 'एका तंबूत, खांद्याला खांदा लावून, सारा गाव.' मी तिला ते वाचून दाखवले. तिने त्या तरुणाला बोलावून घेतले.

"बाळा, म्या काय सांगितलं व्हतं? आमी मागं बसायचो."

"हो मावशी, पण तंबू एकच होता ना?"

"गोठाबी घराच्याच छपराखाली असतोय. म्हून बैल काय पाटावर जेवतो?"

तो मनापासून हसला. उत्सवी प्रदर्शनात कटू मजकूर शोभत नाही, असे त्याने समजावले आणि मला लेखी द्यायला सांगितले. मी लेखी दिले. नंतर स्मरणपत्र दिले. 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे,' असे उत्तर आले. मी भावना कळवल्या नव्हत्या, वस्तुस्थिती कळवली होती.

वाक्य अजून भिंतीवर आहे. त्याचा परिणाम असा, की पडद्यामागे बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसणारी तिची मैत्रीण प्रदर्शन पाहून आली आणि एवढेच विचारून गेली, "तू कवा गं पुढं जाऊन बसलीस?" त्यानंतर ती बहिणीकडे आलेली नाही. उभ्या आयुष्याची सोबत एका सुबक वाक्याने तोडली.

म्हणून माझी मागणी. बंद पाकिटातले उत्तर मी स्वीकारणार नाही. समारोपाच्या दिवशी, व्यासपीठावरून, माझी बहीण आणि तिची मैत्रीण समोर बसलेल्या असताना आयोजकांनी सांगावे : त्या तंबूत कोण कुठे बसत होते, कोणाच्या हुकमाने बसत होते, आणि माझ्या बहिणीने कधीही न उच्चारलेले वाक्य तिच्या तोंडी कोणी घातले?